आईच्या चाळणीचा दिवा

सोमवार, ३ तारीख

धाकट्या, तुला ताईचा आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील, म्हणून आधी कामाचं लिहिते. एवढं वाच आणि मग खुशाल ठेव.

तुझ्या ऑफिसातल्या त्या गृहस्थांबरोबर मी तुझ्या पोरीसाठी जो दिवा पाठवला, त्याची पिन भिंतीतून काढून ठेव. आणि पोरीला सांग, चाळणीला हात लावायचा नाही.

घाबरण्यासारखं काही नाही. मी बसवलेला बल्ब जरा जास्त ताकदीचा निघाला, चाळण तापते, एवढंच. पुढेमागे बदलून देईन.

एवढं वाचूनही कागद हातात असेल, तर थोडं इकडचं सांगते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाले त्याला पाच वर्षं होतील. तीस वर्षं दोनशे पोरांसाठी भांडी काळी केली, आता म्हातारपणी त्याच भांड्यांना नटवते आहे. बूड गेलेली किटली खिडकीत रोप घेऊन बसते. बोथट किसणीला बाया कानातली अडकवतात. चमचे वाकवून किल्ल्यांच्या खुंट्या केल्या. मागच्या महिन्यात सहा झारे एका फळीवर फुलासारखे मांडले, ते दाताच्या डॉक्टरांनी उचलून नेले. कोणी शिकवलं नाही. मोडत गेले, शिकत गेले. खालच्या शिंपीणबाई म्हणतात, तुमच्याकडे भंगार म्हणून आलेली वस्तू नवरी होऊन परत जाते.

हे वाचून तुझ्या कपाळावर आठी पडली असणार. आईचा तवा घड्याळ होऊन भिंतीवर लागलेला पाहिलास तेव्हा तू जे बोललास ते मला शब्दाशब्दाने पाठ आहे. "आई अजून पुरती थंड झाली नाही, आणि तू तिच्या तव्याला काटे लावलेस." आणि मग, माझ्या दारात पाय ठेवू नकोस. तीन वर्षं झाली. ठेवला नाही मी पाय. भांड्याला भांडं लागतं म्हणतात, पण आपलं लागलं ते पोचाच पडला.

म्हणूनच हा दिवा केला. खाली आईचं पातेलं पालथं घातलं, मध्ये तिचं लाटणं उभं केलं, वर तिची भाज्या निथळायची चाळण टोपीसारखी. आत बल्ब लावला की भोकाभोकांतून उजेड बाहेर पडतो आणि भिंतभर तारे. वाटलं, पोरीला आवडेल. तुला माझं तोंड नको, पण आईची चाळण तर तू परत पाठवणार नाहीस.

शिंपीणबाईंची तब्येत जरा बरी नाही, त्यांचं जेवणखाण मी बघते, म्हणून आटोपते. पिन काढलीस की एक ओळ टाक. एकच पुरे.

तुझी ताई


गुरुवार, ६ तारीख

धाकट्या,

पत्र पोचायला चार दिवस लागतात हे मला कळतं. मनाला कुठे कळतं? आज दोनदा खाली जाऊन पेटीत हात घालून आले. उत्तर तर सोडाच, माझंच पत्र अजून वाटेत असेल.

मी तुला पुरतं सांगितलं नव्हतं. शिंपीणबाईंना बरं नाही असं लिहिलं. त्यांना काय झालं ते लिहिलं नाही.

मी केलेला पहिला दिवा त्यांच्याकडे होता, शिलाईच्या यंत्राशेजारी. गाळणीचा. गेल्या रविवारी सकाळी मी ओट्यापाशी होते आणि खालून आवाज आला, कपाट कोसळल्यासारखा. मी जिना उतरले तेव्हा त्या जमिनीवर पडलेल्या, हातात ओलं फडकं, डोळे उघडे, तोंडातून शब्द नाही. दिवा चालू असतानाच पुसायला घेतला होता. झटका बसून मागे फेकल्या गेल्या, यंत्राच्या लोखंडी कडेवर कोपर आपटलं. मी त्यांच्या छातीकडे बघत बसले, वर होते आहे, खाली होते आहे, वर होते आहे. शेवटी त्यांनी मला विचारलं, चहा उतू जातोय का तुमचा. तेव्हा माझ्या अंगात जीव आला.

उजव्या हाताला प्लास्टर आहे. हात मोडला, जीभ शाबूत आहे, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

एकूण सहा दिवे केले मी. सोमवारी तुला पत्र टाकलं आणि तडक बाकीचे गोळा करायला निघाले. बेकरीवाल्याने मुकाट्याने दिला. वाचनालयातून आणला. शाळेतल्या निवृत्त बाईंनी मला दारातच अर्धा तास उभं करून विजेवर धडा दिला आणि मग दिला. दाताचे डॉक्टर काही ऐकेनात. म्हणाले, राहू द्या हो, माझ्या पेशंटना माझ्याऐवजी दुसऱ्या कशाची भीती वाटली तर बरंच आहे. त्यांच्या टेबलाखाली शिरून मी स्वतः पिन ओढून काढली आणि दिवा उचलला. वर बसलेला पेशंट तोंड उघडं टाकून बघत राहिला.

म्हणजे पाच माझ्या खोलीत आहेत. एक तुझ्याकडे.

तुझा मी सगळ्यांत जपून केला आहे, तेव्हा काळजी नाही. तरी पिन काढ. तुला आज रागावायचं असेल तर पिन काढल्यावर रागाव.

ताई


शनिवार, ८ तारीख

धाकट्या,

तुझा फोन लागत नाही. माझ्या नंबरवरून तर रिंगही जात नाही, ते तू काय केलं आहेस ते मला दिवे तपासायला बोलावलेल्या गल्लीतल्या वायरमनने समजावून सांगितलं. मग त्याच्याच फोनवरून लावला. तू उचललास. मी "धाकट्या, दिवा" एवढंच म्हणाले आणि तू म्हणालास, चुकीचा नंबर. आवाज तुझाच. मी म्हटलं असेल गडबडीत. पुन्हा लावला, तर तोही नंबर बंद. वायरमन माझ्याकडे बघेना. पक्कड पुसत बसला.

ज्यांच्याबरोबर दिवा पाठवला त्या गृहस्थांची बदली झाली म्हणे. तुझ्या ऑफिसात फोन केला तर एका मुलीने मला वाट बघायला लावून गाणं ऐकवलं आणि फोन ठेवून दिला.

आता खरं लिहिते. आधीच लिहायचं होतं. हात धजला नाही.

वायरमनने शिंपीणबाईंचा दिवा माझ्यासमोर उघडला. तुला माझं काम माहीत नाही म्हणून सांगते. पत्र्याला भोक पाडून त्यातून वायर वर न्यायची असते. भोकाची कडा सुरीसारखी असते, म्हणून तिथे रबराची बारीक कडी बसवतात, वायर कापू नये म्हणून. बाजारात मिळते, चिमूटभर वस्तू. मी ती कधी विकत घेतली नाही. माझा नेम होता की स्वयंपाकघरात जे टाकून दिलं त्यातूनच सगळं करायचं, बाहेरचा खिळाही आणायचा नाही. लोक त्याचंच कौतुक करायचे, आणि मी फुगायची. कुकरच्या जुन्या रिंगा असतात ना, सैल झाल्या की लोक फेकतात, त्या मी गोळा करायची. तुकडा कापायचा, मधून चिरायचा, भोकाच्या कडेला घट्ट बसवायचा. दिसायला सुबक. मला वाटलं, वाफेत तीन-चार वर्षं काढलेलं रबर आहे, बल्बच्या उबेला काय भिणार.

वायरमनने बोट लावलं तर त्या रबराची भुकटी झाली. जळक्या पोळीच्या कडेसारखी. खाली वायरचं वेष्टण कापलं गेलं होतं आणि तांबं पत्र्याला टेकलं होतं.

त्याने मला वर्षापूर्वी दोनदा सांगितलं होतं, मावशी, विकतची कडी लावा आणि तीन पिनांची वायर घ्या, म्हणजे काही झालं तरी करंट जमिनीत जाईल. मी त्याला म्हटलं होतं, तुझ्या वयाएवढी वर्षं मी विस्तवाशी खेळले आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

बाकीचे चारही उघडले. दोन ठीक होते. दोन आज ना उद्या तसेच होणार होते.

आता जे लिहिते आहे ते वाचताना बसला असशील तर उठून आधी पिन काढ, मग पुढे वाच.

दिव्याबरोबर मी पोरीला चिठ्ठी पाठवली होती. तुला दाखवली असेल नसेल. त्यात लिहिलं आहे, "चाळण हाताने हळूच फिरव, म्हणजे तारे फिरतील." चाळण लाटण्यावर सैल बसवली होती, मुद्दाम, फिरावी म्हणून. म्हणजे दर वेळी ती फिरली की आतली वायर चाळणीला पाडलेल्या भोकाच्या कडेवर घासणार. आणि दर वेळी फिरवणारा हात पोरीचा. मीच लिहून दिलं आहे तिला, माझ्या अक्षरात, खाली चांदणी काढून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मला आज डोळ्यांनी दिसतंय.

दोन दिवस झाले, रस्त्यात कुठल्याही मुलीच्या हाताकडे लक्ष जातं.

पिन काढ. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस. पिन काढ.

ताई


सोमवार, १० तारीख, सकाळी (उघडं कार्ड)

हे कार्ड ज्याच्या हातात पडेल त्याने, पोस्टमन असो, शेजारी असो, कृपा करून पहिल्या मजल्यावरच्या घरी जाऊन सांगावे: चाळणीचा दिवा लावू नका, त्याच्या पत्र्यात वीज उतरू शकते. घरात आठ वर्षांची मुलगी आहे. दिवा मी केला आहे, चूक माझी आहे.

धाकट्या, एक गोष्ट शनिवारच्या पत्रातही लपवली. तुझ्या दिव्याला बसवलेली रिंग आईच्या कुकरची आहे. नवी आणल्यावरही तिने ती खिळ्याला टांगून ठेवली होती, आठवते ना? बारा वर्षं तिथेच वाळत होती. या दिव्यात सगळं आईचंच असावं म्हणून मी तीच कापली. सहांत सगळ्यांत जुनं रबर तुझ्या घरी आहे. जपून केला म्हणाले ते हे.

मी निघाले आहे. सकाळची गाडी. वाटेत काही झालं तर निदान हे कार्ड पोचावं म्हणून टाकते आहे.


गुरुवार, १३ तारीख

धाकट्या,

परवा संध्याकाळी सुखरूप पोचले. शिंपीणबाई दारातच बसल्या होत्या. म्हणाल्या, तोंडावरून कळलं, आता काही सांगू नका, आधी माझी वेणी घाला, दोन दिवस केसांचं घरटं झालंय.

तू मला तुझ्या घरी जे विचारलंस त्याचं उत्तर तिथे देता आलं नाही. तुझी बायको होती, पोर होती. लिहून बरं जमतं. पण आधी तू यायच्या अगोदर काय झालं ते सांगते. तू अर्ध्यात आलास, आणि तुला तुझ्या इमारतीतल्या लोकांनी जे सांगितलं त्यात मी वेडी ठरले आहे.

गाडी दुपारी पोचली. पत्ता विचारत विचारत आले. लिफ्टची भीती वाटते म्हणून जिन्याने चढले. तुझ्या दारावर आपल्या वडिलांचं आडनाव वाचलं आणि क्षणभर बेल दाबायचा धीर होईना. तू नको म्हणाला होतास. मग जिन्याकडच्या तुझ्या खिडकीकडे लक्ष गेलं. पडदा ओढलेला, पण बाजूने चार बोटं फट होती. आत अंधार केला होता. आणि छतावर तारे होते.

तारे हलत होते.

धाकट्या, मी तीस वर्षांत दोनदा गरम तेल अंगावर घेतलं आहे. आई गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. पण पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या फटीशी कळलं. छतावरचे ठिपके सरकत होते, थांबत होते, पुन्हा सरकत होते. म्हणजे आत्ता, या घटकेला, आत कोणीतरी चाळण फिरवत होतं.

मी दार वाजवलं. तारे थांबले. आतून आवाज आला, कोण?

मी म्हटलं, बाळा, मी आत्या. दिव्यापासून लांब हो.

ती म्हणाली, "मला आत्या नाहीये."

तिचा दोष नाही. तीन वर्षांपूर्वी ती पाच वर्षांची होती. मी म्हटलं, दिवा मीच पाठवला, त्याला हात लावू नको, बाजूला हो. ती म्हणाली, आईने सांगितलंय, अनोळखी माणसाचं ऐकायचं नाही, दार उघडायचं नाही, तुम्ही सहा वाजता या. शहाणी आहे पोर. दुसरी वेळ असती तर मी तिची पाठ थोपटली असती. आणि मग, अरे देवा, तारे पुन्हा हलायला लागले. तिला वाटलं असेल, बाई गेली.

पिन काढ असं ओरडले असते तर तिने धावत जाऊन दिव्यालाच धरलं असतं. लांब हो म्हटलं तर ऐकत नव्हती. काय करू ते सुचेना, आणि मग एकदम सुचलं. येताना जिन्याखाली मीटरची ओळ बघितली होती. आले तशी उतरले. कशी उतरले ते या गुडघ्यांना विचार. प्रत्येक मीटरवर घराचा आकडा रंगवलेला होता, पण तुमच्या मजल्याचे आकडे घासून गेलेले. कुठलं तुझं, कुठलं समोरच्याचं, कळेना. एकेक बघत बसायला वेळ नव्हता. शेवटी टोकाला मोठा खटका होता, सगळ्या इमारतीचा. दोन्ही हातांनी धरला आणि खाली ओढला.

सगळं एकदम गप्प झालं. पंखे, कुणाचा मिक्सर, कुणाचा टीव्ही, सगळं. मग हळूहळू माणसं सुरू झाली.

पुढचं तुला वेगवेगळ्या तोंडांनी कळलंच असेल. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मधे अडकले आणि आतून वकिलासारखे बोलू लागले. एक बाई डोक्याला मेंदी लावलेली, तशीच खाली आली. पहारेकऱ्याला वाटलं मी तांब्याची तार चोरायला आले. मी सांगत होते की पहिल्या मजल्यावर पोर आहे, दिव्यात वीज उतरली आहे, पण धाप लागलेली, घाम आलेला, माझं मलाच नीट ऐकू येत नव्हतं. एक तरुण खटका वर करायला पुढे आला, तशी मी त्या पेटीला पाठ लावून खालीच बसले. म्हटलं, मला उचलून बाजूला करावं लागेल, आणि मी काही हलकी नाही. मेंदीवाली बाई म्हणाली, पोलिसांना बोलवा. मी म्हटलं, बोलवा, पण त्यांनाही आधी वर पाठवा.

किती वेळ गेला मला ठाऊक नाही. लिफ्टमधले गृहस्थ तोवर थकून गप्प झाले होते. मला एकच भीती. वीज नाही म्हणून पोर दिव्याशी झटत बसली असेल, बटण खालीवर करत असेल, चाळण दोन्ही हातांत धरून आत डोकावत असेल, आणि यांच्यापैकी कोणी मला ढकलून खटका वर केला तर.

मग तू आलास. हातात भाजीची पिशवी. गर्दी बाजूला करून बघितलंस आणि म्हणालास, "तू?"

मला तुझ्या पाया पडून क्षमा मागायची होती. तोंडातून निघालं ते वेगळंच. "आधी वर जा. दिव्याचं बटण नको बघू, पिन काढ. मग काय बोलायचं ते बोल."

तू पिशवी तिथेच टाकलीस. बटाटे घरंगळत माझ्या पायाशी आले. तू दोन-दोन पायऱ्या चढत गेलास ते मी ऐकलं, कुलपाचा आवाज ऐकला. मग जिन्यातून तुझा आवाज आला.

"काढली, ताई."

तेव्हा मी बाजूला झाले. झाले म्हणजे त्या तरुणानेच मला उठवलं. त्याने खटका वर केला, आणि लिफ्टमधले गृहस्थ पुन्हा बोलायला लागले.

वर आल्यावर तुझ्या तोंडावर अजून शंका होती. म्हणून मी पर्समधून वायरमनचा टेस्टर काढला. पोरीला तुझ्या बायकोबरोबर आतल्या खोलीत पाठवलं, ती तेवढ्यात कामावरून आली होती आणि तिला काहीच कळत नव्हतं. तुला पिन लावायला लावली आणि मी लाकडी स्टुलावर उभं राहून टेस्टरचं टोक चाळणीला टेकवलं. तो इवलासा लाल दिवा लागला. तू भिंतीला टेकून खाली बसलास. मी पिन काढली, टेस्टर पर्समध्ये ठेवला आणि मग मीही बसले. आपण दोघं आईच्या पातेल्याच्या दोन बाजूंना बसलो होतो.

मग तू विचारलंस, "पहिल्याच पत्रात हे सरळ का लिहिलं नाहीस?"

आणि मी काही बोलायच्या आत तूच सांगून टाकलंस की पहिलं पत्र वाचलं होतंस. बल्बचं निमित्त वाटलं. ताई बोलायला बहाणा शोधते आहे, असं वाटलं. म्हणून मनावर घेतलं नाहीस, आणि त्या दिवशी आलेलं दुसरं फोडलंच नाहीस. ते फ्रिजवर तसंच होतं. तुझी बायको ते तेव्हा उभ्या उभ्या वाचत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

आता उत्तर. सरळ लिहिलं नाही, कारण सरळ लिहिणं म्हणजे तू खरा होतास असं लिहिणं. तू म्हणाला होतास, आईच्या भांड्यांना भोकं पाडू नकोस. मी तीन वर्षं मनात तुझ्याशी भांडत होते. म्हणत होते, याने ती गोणीत बांधून माळ्यावर टाकली असती, मी त्यांना पुन्हा उजेडात आणलं. भांडण मी जिंकत आले होते, धाकट्या. आणि नेमकं तेव्हा माझं भोक चुकलं. पत्र लिहायला बसले की तुझा आवाज ऐकू यायचा, बघ, मी म्हणालो नव्हतो? त्या आवाजाला मी इतकी भ्याले की पोरीच्या हातापेक्षा माझा मान जपला. आठ दिवस. रोज थोडं थोडं खरं लिहीत गेले, औषध चमच्याने पाजावं तसं. त्या आठ दिवसांत काय झालं असतं ते मी डोळे मिटले की बघते. तू मला क्षमा केली असशील की नाही ते मी विचारत नाही. मीच अजून केलेली नाही.

रात्री तू राहा म्हणाला नाहीस, जा म्हणाला नाहीस. तुझ्या बायकोने गादी घातली. सकाळी तू मला गाडीवर सोडायला आलास आणि वाटेत गाडीच्या वेळेशिवाय दुसरं काही बोलला नाहीस. मी दिवा बरोबर आणला. वायरमनला सांगितलं आहे, यापुढे विजेचं एकही काम माझ्या हातून होणार नाही. केलंच काही तर खुंट्या करीन, किटलीत रोपं लावीन. चाळण धुऊन ठेवली आहे. तुला हवी असेल तर तशीच पाठवीन, भोकासकट. त्यातून एक वाटाणा जास्त गळेल, एवढंच.

शनिवारचं पत्र एव्हाना आलं असेल, कार्डही तू हे वाचशील तोवर पोचलं असेल. पोस्टमनने वाचलं असेल. वाचू दे.

आता एकच राहिलं, आणि त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं.

सोमवारी तू दार उघडून आत गेलास आणि मी मागून चढून आले, तेव्हा पोरीच्या हातात पेन्सिल होती. तू बघितलीस की नाही माहीत नाही. मागे खोडरबर असलेली. मी तिचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, बोटंन् बोटं, तेव्हाही तिने ती सोडली नव्हती. मला वाटलं, अभ्यास करत असेल.

मंगळवारी सकाळी तू स्कूटर बाहेर काढत होतास, तेव्हा मी तिला विचारलं, बाळा, तू चाळण कशी फिरवायचीस ग? ती म्हणाली, पेन्सिलीने. खोडरबराच्या बाजूने ढकलायची. मी म्हटलं, का? तापायची म्हणून?

ती म्हणाली, नाही. बाबांना शुक्रवारी पत्र आलं ना, तेव्हा बाबा म्हणाले, चाळणीला हात लावायचा नाही. मी विचारलं, का? तर म्हणाले, का ते मला माहीत नाही, ताईने सांगितलंय.

तू मला म्हणालास, मनावर घेतलं नाही.

पिन काढली नाहीस. पण पोरीला सांगितलंस. लहानपणापासून माझं अर्धंच ऐकत आलास, धाकट्या, आणि मी दर वेळी त्यावरून तुझे कान पिळले.

ताई